खाकरून येणारा माणूस

सहदेव त्या दिवशी मागच्या दारानं आला, तिथंच सगळं बिनसलं. एरवी तो आयुष्यभर पुढच्या दारानं आलेला माणूस. पण पाण्याची पाइपलाइन टाकायला खोपोलीची ती अख्खी गल्ली खणून ठेवलेली, दारासमोर मातीचा ढीग, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी ढिगावरून उड्या मारायची हौस कुणाला असते? म्हणून तो वळसा घालून परसात शिरला. एका हातात अंबाबाईच्या औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात पाव किलो बदाम. पेरूच्या झाडाखालून स्वयंपाकघराची खिडकी सरळ दिसत होती आणि खिडकीत त्याची बायको, अंबाबाई, शेजारच्या भाग्यश्रीबरोबर बसून मोड आलेले वाल सोलत होती. भाग्यश्री रोज दुपारनंतर दोन-तीन तास तिच्याजवळ बसायची, कारण अंबाबाईला आता एकटं सोडता येत नव्हतं. गेल्या तीन वर्षांत तिची आठवण उसवत गेली होती. स्वतःचं घरसुद्धा तिला कधी ओळखीचं वाटायचं, कधी नाही. भाग्यश्री काहीतरी सांगत होती आणि अंबाबाई हसत होती. ओठांतल्या ओठांत नाही, मान मागं टाकून, तोंडावर पदर न धरता. सहदेवला वाटलं, ही दुसरीच कुणी बाई आहे. मग सवयीनं, घशात काही नसतानाही, तो खाकरला.

आणि त्याला ते दिसलं. हसू मध्येच तुटलं. अंबाबाईचे खांदे वर चढले, मान आत गेली, उजव्या हातानं तिनं पदर डोक्यावर ओढला आणि डावा हात उचलून डाव्या कानावर घट्ट दाबून धरला. डोळे पुढच्या दारावर. "आले," ती म्हणाली, "आले, आले," आणि वालाची सालं भराभर गोळा करायला लागली, सांडायला लागली, पुन्हा गोळा करायला लागली. भाग्यश्री म्हणत होती, "आजी, अवो कोन नाय आलं, बसा तुमी." अंबाबाईला ते ऐकूही येत नव्हतं. सहदेव पेरूखाली उभाच राहिला. शेवटी तो मागच्या दारानं आत गेला, तेव्हा अंबाबाईनं वळून पाहिलं आणि तिचा चेहरा निवळला. "या दादा, बसा," ती म्हणाली. "ते येतीलच आता. आत्ताच खाकरले." म्हणजे ती त्याला भ्याली नव्हती. त्याला ती ओळखतच नव्हती. ती भ्याली होती त्या खाकरण्याला.

खाकरणं त्याला त्याच्या बापानं शिकवलेलं. खालापूरकडच्या त्यांच्या गावात ती रीतच होती. "बाप्या मानसानं न खाकरता उंबरा वलांडू नये रं," बाप सांगायचा, "घरात बायामानसं आसतात. त्यास्नी पदर सावराया येळ द्यावा." सहदेवनं ते इमानेइतबारे पाळलं. कागद गिरणीत नोकरी लागली, खोपोलीत बिऱ्हाड केलं, लग्न झालं, पोरगी झाली, पण तो कधी मुकाट्यानं घरात शिरला नाही. पायरीवर वहाणा काढायच्या, एकदा खाकरायचं, दहा मोजायचे, मग दार ढकलायचं. दार ढकललं की उंबऱ्यापाशी पाण्याचा तांब्या. रेडिओ बारीक झालेला. पोरगी पुस्तक उघडून बसलेली. चुलीपाशी बायको, पाठमोरी. त्याला बरं वाटायचं. आपल्या घराला वळण आहे, असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि लोकही म्हणायचे, सहदेवरावांच्या घरात कसा आवाज म्हणून नाही. अठ्ठेचाळीस वर्षं तो दाराच्या बाहेर उभा राहून दहा मोजत आला होता, आणि त्या दहा आकड्यांत आत काय चालतं ते आज पहिल्यांदा बघत होता. रात्री तो जेवायला बसला. अंबाबाई समोर बसून त्याला आग्रह करत होती, लाजू नका, आपलंच घर समजा, म्हणत होती.

तिचं त्याला विसरणंही असंच हळूच, कुणाच्या ध्यानात न येता झालं होतं. माधवीचं, म्हणजे मुलीचं नाव ती विसरली ते लगेच कळलं. शेजारपाजारची नावं चुकायला लागली तेही कळलं. नवऱ्याचं नाव मात्र कधी गेलं याचा पत्ताच लागला नाही, कारण तिनं ते कधी घेतलंच नव्हतं. 'हे' आणि 'ते' आणि 'ऐकलं का', यावर सगळा संसार निभावला. खालापूरच्या कचेरीत कसल्याशा कागदावर सही करायला गेले तेव्हा टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "आजी, मिस्टरांचं नाव?" अंबाबाई खाली बघून हसली. बाई कौतुकानं म्हणाल्या, "अजून लाजतात बघा! घ्या, उखाण्यात घ्या." आजूबाजूचे हसले, सहदेवही हसला, त्याला जरा अभिमानच वाटला. बसमध्ये बसल्यावर तिनं विचारलं, "दादा, ही गाडी कुठं जाती?" त्या दिवशी त्याला कळलं की ती लाजली नव्हती. तिच्याकडे नाव नव्हतंच. तेव्हा त्याला वाटलेलं, यापेक्षा वाईट काय असणार? आता वाटत होतं, नुसता विसर पडला असता तर किती बरं झालं असतं.

कर्जतला दर गुरुवारी मेंदूच्या डॉक्टरीणबाई यायच्या. माधवी कर्जतलाच शाळेत शिकवायची. रजा टाकून ती आली आणि तिघं आत गेली. डॉक्टरीणबाईंनी अंबाबाईच्या डोक्याची फिल्म उजेडावर लावली आणि पेनच्या टोकानं दाखवलं. "हे बघा आजोबा. इथं आठवण मुरते. हा भाग आकसलाय. आणि त्याच्या अगदी शेजारी हा छोटासा, बदामाएवढा. त्याचं नावसुद्धा बदामावरूनच पडलंय. ह्यात नाव-गाव, तारीख-वार काही राहत नाही. ह्याचं काम, कशाला दचकायचं ते लक्षात ठेवणं. माणसाला विचार करायला वेळ मिळायच्या आत हा अंगाला कळवून टाकतो, की पळ, नाहीतर लपून बस. आजींचा हा अजून बराच शाबूत दिसतोय." सहदेवनं विचारलं, "मंग ही भीती कवा जाईल?" त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. कशाला भ्यायचं हे ज्या गोष्टीनं शिकवलं ती त्या विसरल्यात. पण अंग विसरलेलं नाही. कशानं दचकतात त्या?" माधवी खिडकीबाहेर बघत होती. बाहेर एक टेंपो मागं-पुढं करत होता आणि ती तोच बघत होती. "खाकरन्यानं," सहदेव म्हणाला. "कुणाच्या?" डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं. सहदेव उजेडावरच्या फिल्मकडं बघायला लागला. "घरातल्या," माधवी म्हणाली.

घरी आल्यावर सहदेवनं बदामांचा डबा वरच्या फळीवर मागं सरकवून ठेवला. वर्षभर तो तिला रोज रात्री सहा बदाम भिजत घालत होता. बदामानं आठवण वाढते हे कोण सांगत नाही? गिरणीतल्या जुन्या सोबत्यांनी सांगितलं, औषधवाल्यानं सांगितलं, भाग्यश्रीच्या सासूनंही सांगितलं. सकाळी अंबाबाई वाटी पुढ्यात घेऊन बसायची आणि बिरड्याचे वाल सोलावेत तसं एकेक बदाम दोन बोटांत दाबून सालातून बाहेर काढायची. नाव गेलं होतं, गाव गेलं होतं, पण बोटं कशी सराईत चालायची. आता त्याच्या मनानं घेतलं की डोक्यातला बदाम आपणच खाऊ घालून पोसला. आठवणीचा भाग आकसला आणि हा तेवढा शाबूत राहिला, तो कशावर? दुसऱ्या दिवशी वाटी आली नाही तेव्हा अंबाबाई बराच वेळ रिकाम्या ताटलीपाशी बोटं चोळत बसली. तिसऱ्या दिवशी भाग्यश्रीनं माधवीला सांगितलं आणि संध्याकाळी माधवीचा फोन आला.

"बाबा, बदाम का बंद केले आईचे?"

त्यानं कारण सांगितलं. पलीकडे माधवी हसायला लागली. "अहो बाबा, आकाराचं सांगितलं हो त्यांनी! खाल्लेला बदाम डोक्यात जाऊन बसतो का?" ती हसत राहिली आणि हसता हसताच तिचा आवाज फुटला. "बाबा, मलाही आहे तो. वर्गात मागच्या बाकावरचं एखादं पोरगं खाकरलं ना, तरी माझा खडू थांबतो. चव्वेचाळीस वर्षांची झाले मी. आधी खडू थांबतो, मग मला कळतं की हा वर्ग आहे." सहदेव फोन कानाला लावून उभा होता. "तुला तर मी कवा बोट बी लावलं नाय गं," तो म्हणाला. "नाही लावलंत," माधवी म्हणाली. "आई कानाला हात लावायची तेवढं मी बघायची." मग आईची सकाळची गोळी बदलली आहे तेवढं तिनं सांगितलं आणि फोन ठेवला. त्या रात्री त्यानं पुन्हा सहा बदाम पाण्यात टाकले.

आता एक गोष्ट होती, जी सहदेव सगळ्यांना सांगायचा. लग्नकार्यात, गिरणीच्या निरोप समारंभात, माधवीच्या सासरच्यांपुढे. गोष्ट अशी, की एकदा तो डबा न घेताच पाळीवर गेला. तर ही बाई, तान्ही पोर काखोटीला मारून, उन्हाची गिरणीच्या गेटपर्यंत चालत आली आणि वॉचमनच्या हाती डबा देऊन गेली. आत वालाचं बिरडं आणि भाकरी, अजून गरम. "माझा माणूस उपाशी ऱ्हायला नको, एवढंच बोलली वॉचमनला," असं सांगताना त्याचा गळा दरवेळी दाटून यायचा आणि तो खोटा दाटायचा नाही. बाया म्हणायच्या, अशी बायको मिळायला भाग्य लागतं. अंबाबाई मात्र गोष्ट सुरू झाली की उठून आत जायची. लोक म्हणायचे लाजली, आणि त्यालाही तसंच वाटायचं. कचेरीतल्या बाईंना तरी काय दोष द्यायचा?

गोष्टीला आधी एक तोंड होतं. ते त्यानं कधी कापलं ते त्याचं त्यालाही आठवत नव्हतं. आता, पेरूखालच्या धुण्याच्या दगडावर बसल्यावर, ते तोंड आपणहून जवळ येत होतं. डबा तो विसरला नव्हता. सकाळी बिरड्यात मीठ जास्त पडलं होतं, का कमी, का पडलंच नव्हतं. त्यानं ताट भिरकावलं. पितळी ताट भिंतीवर आपटल्याचा आवाज पाळण्यातल्या माधवीनं ऐकला असणार, कारण ती रडायला लागली, आणि ते रडणं त्याला सहन झालं नाही. त्याचा हात उठला आणि अंबाबाईच्या डाव्या कानशिलावर बसला. ती खाली बसली. तशीच, मटकन, काही न बोलता. तो वहाणा घालून निघून गेला, उपाशी. आणि दुपारी ती चालत आली. कान सुजलेला होता म्हणे. वॉचमननं विचारलं तर म्हणाली, कानात किडा गेला. पुढं त्या कानानं तिला कधी नीट ऐकू आलं नाही. माहेरी तिनं सांगितलं, पोहताना पाणी गेलं. सहदेवनंही तेच मानलं. खरंच मानलं, नाटक नव्हतं ते. माणूस स्वतःशी इतकं सोयीनं विसरू शकतो याची त्याला आता लाज वाटत होती. आणि एकदाच घडलं का? एकदाच, असं तो इतकी वर्षं धरून होता. पण आठवायला बसलं की त्या एकदाच्या पाठीमागून दुसरं काही हलायचं, एक पावसाळ्यातली संध्याकाळ, एक फुटलेली बांगडी, आणि तो उठून उभा राहायचा. माधवी शाळेत जायला लागली तेव्हा त्यानं दारू सोडली आणि हात उचलणंही सोडलं. देवाशप्पथ सोडलं. त्याला वाटलं, संपलं. हात थांबला खरा, खाकरणं चालूच राहिलं.

मग त्यानं खाकरणं सोडायचं ठरवलं. बोलायला सोपं! छातीत गिरणीची धूळ, त्यावर चाळीस वर्षांच्या विड्या. खडीसाखर झाली, लवंग झाली, ज्येष्ठमध झालं. घशाशी आलं की तो उठून परसात जायचा, पेरूपर्यंत, तोंडात टॉवेलचा बोळा कोंबून डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकायचा आणि मग तोंड पुसून आत यायचा. कधी कधी पोचायला उशीर व्हायचा. मग आत खांदे वर, हात कानावर, आले आले. असं करता करता त्याच्या ध्यानात आलं, की तिच्या डाव्या अंगाला बसून खोकलं तर तिला ऐकू जात नाही. बारीकसा खोकला निभावून जातो. त्या दिवशी त्याला इतका आनंद झाला, की त्यानं भाग्यश्रीलाही सांगितलं, आजीच्या डाव्या बाजूची खुर्ची माझी, तिथं कुणी बसायचं नाय. भाग्यश्री म्हणाली, "बरं झालं की आजोबा!" रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला उमगलं, की आपण कुठं आसरा घेतला आहे. तिचा जो कान आपण मारला त्याच्या आडोशाला आपण बसलोय. तो रडला, आणि रडताना खोकला येऊ नये म्हणून पुन्हा टॉवेल शोधायला लागला.

पुढचं दार आता त्यानं बंदच केलं. गल्ली बुजवली, ढीग हलला, तरी तो मागूनच यायचा. खिडकीपाशी थांबून हाक द्यायचा, "कुनी हाय का घरात?" अंबाबाई खुशीनं म्हणायची, "कोन? या, या." आयुष्यात पहिल्यांदा तो तिला तुमी म्हणायला लागला. ती त्याला चहा विचारायची, भाग्यश्री करून द्यायची, आणि दोघं बसायची, ती वाल नाहीतर बदाम सोलत आणि तो डाव्या खुर्चीत. ती बोलायला एवढी गोड आहे हे त्याला माहीत नव्हतं. लहानपणी कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्याकडं करवंदं तोडायला जायची ते सांगायची, धबधब्याखाली दगडावर कशी घसरली ते सांगायची आणि मान मागं टाकून हसायची. अशा वेळी त्याला वाटायचं, आपण हिला आधी असं का भेटलो नाही? एकदा धीर करून त्यानं विचारलं, "तुमचे मालक कसे हायेत ओ?" तिनं पुढच्या दाराकडं बघितलं. "चांगले हायेत," ती म्हणाली. मग चार वाल सोलून झाल्यावर तिनं आवाज उतरवून विचारलं, "तुमी त्यांच्या वळखीचे नाय ना?"

"नाय," सहदेव म्हणाला.

"मंग सांगते. चांगले हायेत असं म्हनावं लागतं."

त्यावर ती पुन्हा हसली, पण या वेळी मान मागं गेली नाही.

आणि कालपरवाची गोष्ट. सहा वाजत आले होते, पहिली पाळी सुटून तो कट्ट्यावर बसायचा आणि तिथून घरी यायचा त्याची ती वेळ. गिरणी बंद होऊन वर्षं लोटली, कट्टाही उरला नाही, पण सहाच्या सुमाराला अंबाबाईची चुळबुळ सुरू व्हायची, कुणी खाकरो न खाकरो. भाग्यश्री नुकतीच घरी गेली होती. अंबाबाईनं वालांची परात बाजूला सारली, पदर डोक्यावर घेतला आणि डावा हात कानाकडं गेला. "दादा, आता तुमी निगा," ती म्हणाली. "त्यांची यायची येळ झाली. परका मानूस बगून त्यांना राग येतो." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की माधवीच्या लहानपणीचा वाटावा. सहदेवच्या छातीत खोकला भरून आला होता. तो गिळून त्यानं खुर्ची तिच्या समोर ओढली. इतके दिवस तो या प्रश्नाला बगल देत होता, येतील, बसतील, जातील असं काहीबाही सांगत होता. आज त्याच्यानं तो कानावरचा हात बघवेना.

"ते नाय यायचे आता," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"गेले ते. परत नाय यायचे. कवाच नाय. तुमी बिनघोर ऱ्हावा."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिला सुटल्यासारखं वाटावं एवढीच त्याची इच्छा होती. त्यासाठी स्वतःला मारून टाकायला त्याला काहीच वाटलं नाही. अंबाबाई बराच वेळ पुढच्या दाराकडं बघत राहिली. खांदे खाली आले नाहीत. कानावरचा हातही खाली आला नाही. मग तिनं त्याच्याकडं वळून, एखाद्या जाणत्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "जेवून गेले का? का तसेच गेले, उपाशी?"

समोर परातीत वाल होते, सोललेले, पांढरे. सहदेवनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, खोकला आला तो दाबला, पुन्हा आला, पुन्हा दाबला.

"नाय ओ, उपाशी नाय," तो म्हणाला. "तुमचा डबा पोचला व्हता त्यांना. गेटवर. गरम व्हता अजून."

"मीठ बरुबर व्हतं?"

"बरुबर व्हतं," सहदेव म्हणाला. "आदीपासनंच बरुबर व्हतं."

"मंग बरं झालं," अंबाबाई म्हणाली, आणि तिनं कानावरचा हात काढून परात पुन्हा पुढ्यात ओढली.